आडवणच्या पऱ्या उडत नाहीत

चौऱ्याऐंशी सालच्या एका दिवाळी अंकात माझा लेख आला होता. मुलुंडच्या डोंगरामागे आडवण म्हणून पऱ्यांचं गाव आहे, तिथे मी नऊ दिवस राहून आलो, त्याची ती हकिगत. लेख लोकांना आवडला, विशेषतः शेवट. वाकळ नावाची एक म्हातारी परी टेकडीच्या टोकावर उभी राहते, दोन्ही हात पसरते आणि वाऱ्यावर स्वार होऊन तळ्यावरून निघून जाते, असं मी लिहिलं होतं. आमच्या भागातल्या एका शाळेने त्यावर स्नेहसंमेलनात नाच बसवला. मुलींच्या पाठीला जिलेटीन कागदाचे पंख लावले होते. मला पहिल्या रांगेत बसवून नारळ दिला.

पऱ्यांना पंख नसतात. त्या उडत नाहीत. वाकळला मी जाताना पाहिलंही नाही, कारण त्या वेळी मी मागे वळून बघायचं टाळलं. ती गेली ती माझ्यामुळे गेली, आणि तिच्याबद्दल आडवणात जे मानलं जातं ते मी सांगितलेलं खोटं आहे. मी आता ऐंशीच्या पुढे आहे. तोच प्रवास पुन्हा लिहितो आहे, या वेळी जसा झाला तसा.

मुलुंड

मी एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ड्राफ्ट्समन होतो. त्या वर्षी फेब्रुवारीपासून कारखान्याला टाळं होतं. सकाळी गेटपर्यंत जायचं, नोटीस बोर्डापाशी उभं राहायचं, परत यायचं. घरी बसलेल्या पुरुषाकडे चाळ ज्या नजरेने बघते ती मला सोसत नव्हती. मे महिन्यात युनियनची माणसं म्हणू लागली, की पंधरा दिवसांत गेट उघडेल, आणि पहिल्या दिवशी जो हजर नसेल त्याचं नाव कटेल. मी मनात हिशेब केला, की पंधरा दिवस आहेत तर एक लेख होईल. अधूनमधून दिवाळी अंकांना प्रवासवर्णनं द्यायची मला हौस होती.

वाट सावंतने सांगितली. सावंत आमच्याकडे फिटर होता, मालवणकडचा. लाकूडफाट्यासाठी डोंगरात शिरला असता वाट चुकून दोन दिवस आडवणला राहून आला होता.

“थंय जातंस तर साखर घेवन जा,” तो म्हणाला. “मध गावता, साखर गावना नाय. आणि वारो सुटलो की मुकाट खाली बस.”

“मी कशाला बसू? मी काय पतंग आहे?”

“तुझ्यासाठी नाय रे, तेंच्यासाठी सांगतंय.”

माझी बायको सुमन हिने रेशनची अर्धा किलो साखर फडक्यात बांधून दिली. ती म्हणाली, “अहो, ज्यांच्याकडे उतराल त्यांनी काही दिलं तर भांडं रिकामं परत करू नका. चिमूटभर का होईना, काहीतरी घालून द्या. नाहीतर म्हणतील, कुठल्या घरचा माणूस आहे.”

तिचं चुकलं नाही. मुलुंडमध्ये काय, सगळ्या महाराष्ट्रात घरोघरी हेच शिकवतात.

वाटेचं वर्णन जुन्या लेखात आहे. ते खरं आहे, म्हणून पुन्हा लिहीत नाही. सकाळी निघालो आणि दुपारी पोचलो.

पोचलो तो दिवस

आडवणची घरं झाडांच्या मुळांत आहेत. प्रत्येक घर वेलींनी कातळाला बांधलेलं, जसं आपण गुरं बांधतो. पहिल्याच घराच्या दारात एक म्हातारी फणसाच्या आठळ्या सोलत बसली होती. तिने मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

“काय जड आहेस रे,” ती म्हणाली.

हे तिने कौतुकाने म्हटलं होतं. मी तेव्हा पन्नास किलोचा काटकुळा माणूस. माझ्या लग्नात सासऱ्यांनी, जावयाला पंख्याखाली बसवू नका, अशी थट्टा केली होती. जड म्हणून माझं कौतुक करणारी वाकळ पहिली आणि शेवटची.

आडवणची माणसं आपल्या छातीएवढी उंच असतात. पुरुष असतात, बायका असतात, म्हातारी होतात, खोकतात. आपण सगळ्यांनाच पऱ्या म्हणतो. ते स्वतःला हलके म्हणतात आणि आपल्याला जड. वजन त्यांना जवळजवळ नसतंच. तिसऱ्या दिवशी ओहोळ ओलांडताना मी वाकळला उचललं, तेव्हा दोरीवरची सुमनची वाळलेली शाल उचलल्यासारखं वाटलं. मराठी त्यांनी आसपासच्या पाड्यांवरून उचललेली, सरळ आणि तोंडावर बोलायची. सगळ्यांना तू.

प्रत्येकाच्या कमरेला वाखाची दोरी असते आणि तिला वस्तू लटकवलेल्या असतात. शिंपला, फुटकी बांगडी, बाटलीचं बूच, सुई. चालताना बारीक आवाज होतो. जुन्या लेखात मी त्यांना दागिने म्हटलं होतं. ते दागिने नव्हेत. त्यातली प्रत्येक वस्तू दुसऱ्या कुणीतरी दिलेली असते, आणि तीच त्यांना जमिनीवर धरून ठेवते. आपली स्वतःची वस्तू धरत नाही. स्वतः उचललेला भलामोठा धोंडा पोटाशी बांधला तरी वारा धोंड्यासकट नेतो, आणि दुसऱ्याने दिलेली सुई पाय जमिनीवरून सुटू देत नाही; फक्त मोठ्या वाऱ्यात आणखी कशाला तरी धरावं लागतं. असं का, ते मी विचारलं. वाकळ म्हणाली, “तुमच्याकडे विहिरीतलं पाणी खाली का असतं? तसंच.”

नावंही त्यावरूनच. मूल जन्मलं की शेजारचं घर त्याला जी पहिली वस्तू देतं तेच त्याचं नाव. म्हातारीला कुणीतरी जुन्या कपड्यांची गोधडी दिली होती म्हणून ती वाकळ. तिच्या भावाची मुलगी पळी. गावात सगळ्यात वजनदार म्हणून ज्याचा शब्द चाले तो सूप. त्याच्या कमरेला इतक्या जणांचं इतकं काही होतं, की तो चालला की भांड्यांची मांडणी कोसळल्यासारखा आवाज व्हायचा. मी असताना एक मुलगी जन्मली. मी शेजारीच उतरलेलो, म्हणून मला काहीतरी द्यायला सांगितलं. खिशात एच-बीची पेन्सिल होती. ती मुलगी आज चाळीस वर्षांची असेल आणि पेन्सिल याच नावाने वावरत असेल.

आपल्याकडे कुणाला काय दिलं ते माणूस सांगत सुटतो, आणि कुणाकडून काही घ्यावं लागलं तर मान खाली घालतो. माझीच त्या महिन्यांत तशी गत होती. शेजारून आलेली भाजीची वाटी सुमन पदराखाली घ्यायची. आडवणात दोन माणसं भेटली की एकमेकांना आपण कुणाकुणाचं काय घेतलं ते दाखवतात, आणि ज्याच्याकडे जास्त त्याला बसायला आधी जागा मिळते.

वारा

चौथ्या की पाचव्या दिवशी दुपारी वारा सुटला. मी आंबील पीत बसलो होतो. आंबील तिथे सकाळ-संध्याकाळ असते, नाचणीची, आंबट, बिनमिठाची. गावात कुठूनतरी “धरा, धरा” अशी हाक आली आणि सगळे जिथल्या तिथे खाली बसले. मी उभाच होतो.

“ए जड्या, बस ना,” पळी ओरडली. “कुणाला तरी तुझा उपयोग होऊ दे.”

मी बसलो. पळीने माझा पाय धरला, वाकळने शर्ट, पेन्सिलच्या आईने पोरीला माझ्या मांडीवर टाकून माझा कान धरला. बघता बघता सात माणसं माझ्या अंगाला लटकली. वाऱ्यात ती सगळी आडवी फडफडत होती, आणि भीतीपेक्षा हसूच जास्त चाललं होतं. सूप समोरून म्हणाला, “पाहुण्या, तू फार खाल्लंस तर आणखी दोघं बसतील.” मला इतकं सुख झालं की डोळ्यांत पाणी आलं. चार महिने कुणालाही माझी गरज नव्हती, आणि आज नुसता बसून राहिलो तर सात माणसं जागेवर राहत होती.

वारा पडल्यावर मी वाकळला विचारलं, “आजी, कुणी सुटलं तर?”

“जातं.”

“कुठे?”

“तळ्यावरून तिकडे. परत आलेलं कुणी नाही, म्हणून सांगता येत नाही.”

भांड्यांची एक गोष्ट मी रोज पाहत होतो आणि मला तिचा अर्थ लागला नाही. वाकळने सूपच्या घरी आंबील दिली तर ते मडकं सूपकडेच राही. पुढे कधीतरी तो त्यातून दुसऱ्याकडे मध पाठवी, मडकं तिसऱ्या घरी जाई. ज्याचं भांडं त्याच्याकडे कधीच परत येत नसे. मी वहीत लिहिलं होतं, ‘माणसं प्रेमळ पण विसराळू.’

वाटी

आठव्या दिवशी मी निघायची तयारी केली. दुसऱ्या दिवशी बोरिवलीच्या बाजूने उतरायचं ठरवलं होतं. वाकळने मला आल्या दिवशी एका लाकडी वाटीत करवंदं दिली होती. वाटी माझ्या अंथरुणापाशी पडून होती. सकाळी ती ओढ्यावर धुतली, फडक्यातली उरलेली सगळी साखर तीत भरली, आणि अंगणात सगळ्यांदेखत वाकळच्या हातात दिली. नमस्कारही केला.

तिने वाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिच्या चेहऱ्यावरचे भाव मी जुन्या लेखात ‘कृतज्ञतेने भारावलेली’ असे लिहिले आहेत.

समोर पळी धान्य पाखडत होती. ती थांबली. शेजारच्या घरातून एक पुरुष बाहेर आला, वाटी बघून परत आत गेला. थोड्याच वेळात सगळ्या गावात काहीच वाजेनासं झालं. मग सूप आला, आणि त्याने मला अंगणातल्या कातळावर बसायला सांगितलं. गाव गोळा झालं. वाकळ माझ्यासमोर बसली, वाटी मांडीवर घेऊन.

सूप म्हणाला, “पाहुण्या, तुला आमचं माहीत नाही. म्हणून आधी सांगतो, मग विचारतो. भांडं भरून ज्याचं त्याला आम्ही एकदाच देतो. माणूस मेलं की. त्याच्या घरून निघालेलं भांडं ज्याच्याकडे असेल त्यानं ते भरून आणायचं, आणि त्याच्या कमरेचं आपण दिलेलं सोडून घ्यायचं. म्हणजे त्याला मोकळं जाता येतं. एकाने केलं की सगळ्यांना करावं लागतं. अर्धं सुटलेलं माणूस फार हाल होऊन जातं, झाडाला अडकतं, दिवस दिवस ओरडतं.”

“पण ही जिवंत आहे,” मी म्हणालो.

“दिसतंय आम्हाला. म्हणून विचारतो. चुकून केलंस का? चूक असेल तर तोड आहे. ज्याने परत केलं त्यानेच तिच्या घरी राहायचं. पावसाळाभर. तिच्या कमरेची दोरी आपल्या कमरेला बांधायची. वाऱ्याचे दिवस संपले की आम्ही तिला पुन्हा पहिल्यापासून देऊ. नाव तेच राहील. तू जड आहेस, तुला अवघड काही नाही. आंबील आवडत नाही, एवढाच काय तो त्रास.”

कुणीतरी हसलं. मी नाक दाबून आंबील पितो हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

“नाहीतर दुसरं असेल,” सूप म्हणाला. “तिनेच तुझ्याकडे मागितलं असेल. म्हातारी माणसं मागतात कधी कधी. दमतात. घरच्यांकडे मागवत नाही, पाहुण्याकडे मागायला सोपं जातं. तसं असेल तर तुझ्याकडे काही नाही. आम्ही आज रीतीने करू. सांग.”

मला सगळं समजलं होतं, हे इथे स्पष्ट लिहितो. मी गोंधळलो नव्हतो. एक वाक्य पुरलं असतं, ‘आमच्याकडे रिकामं भांडं परत देत नाहीत, म्हणून दिलं.’ त्या वाक्यानंतर चार महिने आडवणला राहावं लागलं असतं. मी गेटचा विचार केला. पंधरापैकी आठ दिवस गेले होते. पहिल्या दिवशी हजर नसलो तर नाव कटणार. सुमन, भाडं, सगळं डोळ्यांपुढे आणलं. चाळीस वर्षं मी स्वतःला हेच कारण सांगत आलो. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. मला चहा हवा होता. मला त्या आंबिलीचा आणि वाखाच्या अंथरुणाचा वीट आला होता. लेखाचं पहिलं वाक्य मनात तयार होतं आणि ते लवकर कागदावर उतरवायचं होतं.

“तिनं मागितली,” मी म्हणालो.

एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण लिहिणाऱ्या माणसाची खोड असते. मी पुढे म्हणालो, “काल ओढ्यावर म्हणाली, दमले आता. भरून दे म्हणाली.”

पळी उठून वाकळपाशी गेली. “आत्या, तू मागितलीस?”

वाकळ माझ्याकडे बघत होती. रागाने नव्हे. ड्रॉइंग ऑफिसात चुकलेलं माप साहेब ज्या नजरेने पुन्हा एकदा तपासतो, त्या नजरेने. आडवणात यजमानाने आपल्या अंगणात पाहुण्याला खोटं पाडायचं नसतं. हे तिनेच मला दुसऱ्या दिवशी सांगितलं होतं.

“पाहुणा सांगतो ते खरं,” ती म्हणाली.

“मला काय बोलली होतीस तू? पुढच्या थंडीत पेन्सिलला चालायला शिकवणार म्हणून?”

“पळे, पाहुणा सांगतो ते खरं.”

त्या दिवशी दुपारी

दुपारभर माणसं येत राहिली. प्रत्येकाच्या हातात वाकळच्या घरून कधीतरी निघालेलं भांडं, काठोकाठ भरलेलं. मध, करवंदं, भाजलेल्या आठळ्या, नाचणी. एक बाई नुसतं ओढ्याचं पाणी घेऊन आली आणि म्हणाली, घरात दुसरं काही नव्हतं गं. भांडं ठेवायचं, वाकळच्या कमरेची आपली वस्तू सोडायची, दोन शब्द बोलायचे. माझी समजूत होती की रडारड होईल. झाली नाही. जुन्या गोष्टी निघाल्या. कुणाच्या लग्नात ही नाचली होती, कुणाच्या भांडणात हिने दोघांच्या दोऱ्या एकमेकींना बांधून ठेवल्या होत्या, ते सगळं. वाकळ खळखळून हसली सुद्धा.

वस्तू कमी होऊ लागल्या तशी ती बसल्या जागी वर उचलली जाऊ लागली, बोटभर, मग वीतभर. पळीने घराच्या वेलीचं टोक तिच्या हातात दिलं.

सूप शेवटी आला. त्याची वस्तू म्हणजे एक कवडी होती. गाठ जुनी, त्याच्या जाड बोटांना सुटेना. त्याने मला मदत करायला बोलावलं. ड्राफ्ट्समनची बोटं, बारीक कामाला सरावलेली. ती गाठ मी सोडली.

सगळं झाल्यावर पळी माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“तुमच्याकडे सगळे असेच जड असतात का रे?” तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता गेली.

बोरिवलीच्या वाटेवर

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो तेव्हा गावात कुणी बाहेर आलं नाही. निरोप दिलेल्या माणसाला हाक मारायची नसते. वाकळ माझ्याबरोबर निघाली. पाहुण्याला शिवेपर्यंत पोचवायचं असतं आणि तिलाही कुठेतरी जायचंच होतं. वेल सोडून तिने माझ्या खांद्यावरच्या पिशवीचा पट्टा धरला. वारा अजून सुटला नव्हता. तिचे पाय जमिनीला मधूनच लागत होते.

आम्ही ओढा ओलांडला. मग ती म्हणाली, “साखर चांगली होती.”

“खाल्लीस तू?”

“आलेलं खायचं असतं. एवढी बारीक कशी करता रे?”

“कारखान्यात होते.”

“तुमच्याकडे मेलेल्याला हेच देता?”

खोटं बोलायला आता काही कारण उरलं नव्हतं. मी तिला सांगितलं, की आमच्याकडे भांडं रिकामं परत देणं हा अपमान समजतात. बायकोने बजावून सांगितलं होतं. मी मान म्हणून भरून दिलं.

ती थांबली. पट्टा धरलेला असल्यामुळे मलाही थांबावं लागलं.

“म्हणजे तू मला मान दिलास.”

“हो.”

“मग हे तिथे का नाही बोललास?”

मी गेटबद्दल सांगायला लागलो. टाळं, युनियन, नोटीस. तिने मध्येच विचारलं, “गेट म्हणजे दार ना? दार उघडायला कुणीतरी असेलच की तिकडे.” मग स्वतःच म्हणाली, “असो. तुझी बायको चांगली आहे.”

पुढे चढ होता. तळं डाव्या हाताला खाली दिसायला लागलं होतं आणि पश्चिमेकडून वारा येऊ लागला होता. ती माझ्या खांद्यामागे पतंगासारखी आडवी झाली. मी विचारलं, “आजी, मी आता तुला काही दिलं तर? ते तुला धरेल?”

“निरोप दिलेल्याला कुणी अजून काही दिलेलं नाही. धरेल, नाही धरणार, कुणी पाहिलंय?”

हेही लिहायला हवं. माझ्या मनगटावर लग्नातलं घड्याळ होतं. पायांत चपला होत्या. खांद्यावर ती पिशवी होती, जिचा पट्टा तिने धरलाच होता. ‘ही घे, तुला दिली’ एवढं म्हटलं की झालं असतं, निदान करून बघता आलं असतं. पिशवीत माझी वही होती. वही काढून घेऊन पिशवी देता आली असती, हेही मला सुचलं. पण वही काढायला थांबावं लागलं असतं, तिच्यासमोर पिशवी उघडावी लागली असती, आणि मला लाज वाटली. त्या लाजेने मी चालत राहिलो.

टेकडीच्या माथ्यावरून बोरिवली दिसते. इमारती, टाक्या, धूर. वाकळ म्हणाली, “ही तुमची शीव. उतार घसरडा आहे, आडवे पाय टाक.”

तिने पट्टा सोडला. खांद्यावर काहीच फरक जाणवला नाही. वारा जोरात होता. मी आडवे पाय टाकत उतरलो, आणि वळून बघितलं नाही. दोन्ही हात पसरून वाऱ्यावर स्वार झालेली परी मी पुढे घरी बसून लिहिली.

घरी

दुपारी बोरिवलीला उतरलो. एका टपरीवर दोन चहा घेतले, वडे खाल्ले. चव लागली. मग बसने मुलुंडला आलो. सुमनने दार उघडलं आणि पहिलं विचारलं, “साखर उपयोगी पडली का हो?”

मी म्हणालो, पडली. ती सहा वर्षांपूर्वी गेली, तोवर तिला मी यापेक्षा जास्त काही सांगितलं नाही.

आडवणला पुन्हा गेलो नाही. पायांत बळ होतं तोवर धीर नव्हता. तिथे आजही असंच मानत असतील, की वाकळ दमली होती, तिने आपल्या माणसांना न सांगता एका परक्याकडे मरण मागितलं. पळी तेच धरून म्हातारी झाली असेल. वाकळने काही मागितलं नव्हतं. ती पुढच्या थंडीचे बेत करत होती. हे छापून आलं तर कुणीतरी धडधाकट माणसाने तिकडे जावं आणि पळीला सांगावं. सावंतची वाट जुन्या लेखात बरोबर दिलेली आहे.

घरी परतलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करून, डबा घेऊन गेटवर गेलो. टाळं तसंच होतं. सावंत म्हणाला, आणखी आठ दिवस म्हणतात. जूनमध्ये उघडलं नाही. जुलैत युनियनची माणसं यायची बंद झाली. कारखाना पुढच्या वर्षी उघडला, तोही अर्धा. तो सगळा पावसाळा मी चाळीच्या गॅलरीत स्टुलावर बसून काढला. तिथेच तो लेख लिहिला. त्या चार महिन्यांत मला कुठेही, एकदाही, हजर राहावं लागलं नाही.